गुलाबाची काडी फुटते आणि मग काळी का पडते: छाट कलमाच्या ओलाव्याच्या तक्रारी

काडी लावली, आठ-दहा दिवसांत डोळे फुगले, तांबूस पालवी आली, घरात सगळ्यांना दाखवून झालं; आणि तिसऱ्या आठवड्यात पालवीने मान टाकली. उपटून पाहिलं तर खालचं टोक काळं, मऊ, बोटाने दाबलं की साल हातात येते. मूळ एकही नाही. गुलाब असो, जास्वंद असो की मोगरा, हकीकत तीच. मग बहुतेक जण ठरवतात की पाणी कमी पडलं, पुढच्या काडीला दिवसातून दोनदा घालू. ती काडीही जाते.

ती काडी तहानेने मेली हे खरं, आणि तिच्या बुडाशी पाणी जास्त झालं होतं हेही तितकंच खरं. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते कळलं की निम्म्या तक्रारी मिटतात, म्हणून आधी तेवढं समजून घ्या.

फांदी झाडावर असताना मुळं पाणी पुरवतात आणि पानं ते वाफेच्या रूपाने सोडत राहतात. फांदी कापली की पुरवठा तुटतो, पानांचं काम मात्र चालूच राहतं. कापलेल्या टोकातून थोडं पाणी वर चढतं, पण ते तोंडही काही दिवसांत बंद होत जातं. मुळं येईपर्यंतचे चार-सहा आठवडे काडीत जे पाणी आहे तेच जपायचं असतं, आणि ते जपलं जातं भोवतालच्या दमट हवेमुळे. मातीत तांब्याभर पाणी ओतलं म्हणून पानांतून उडून जाणारं पाणी थांबत नाही.

बुडाची गोष्ट उलटी आहे. जिथून मुळं फुटणार तो भाग जिवंत असतो, तिथे नव्या पेशी तयार होत असतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की प्राणवायू तिथवर पोचत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून तो जवळपास दहा हजार पट सावकाश पसरतो. पेशी गुदमरून मरतात आणि त्या मेलेल्या भागावर बुरशी चढते. बुरशी दिसली की आपण बुरशीनाशक आणायला धावतो, पण पाणी साचलेलं तसंच असेल तर फवारणी वाया जाते.

म्हणून वर दमट हवा आणि खाली हवा खेळेल इतकीच ओल, असे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता पालवी. तयार काडीत पिष्ट साठवलेलं असतं आणि त्याच्या जोरावर डोळे फुटतात. त्यासाठी मुळांची गरज नसते. वर पालवी आली म्हणजे खाली मुळं आली, ही समजूत जितक्या काड्या मारते तितक्या क्वचितच दुसरं काही मारत असेल. कारण पालवी दिसली की आपण लगेच काडीवर झाकलेली प्लास्टिकची पिशवी काढतो, कुंडी उन्हात सरकवतो, वर चमचाभर शेणखतही टाकतो. कोवळ्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो, त्यांतून पाणी सगळ्यात भराभर जातं. आणि नेमक्या त्याच वेळी आपण काडीवरचं पांघरूण काढलेलं असतं. पालवी आल्यावर काहीही बदलू नका.

काडी कुठून मेली ते आधी पाहा

मेलेली काडी फेकण्यापूर्वी हातात घेऊन पाहा, नखाने साल खरवडा. काळेपणा खालून वर चढलेला असेल आणि बूड मऊ, वास मारणारं असेल, तर मिश्रणात पाणी साचत होतं. वरचं टोक आधी तपकिरी होऊन सुकत खाली आलं असेल, सालीवर सुरकुत्या असतील, तर हवा कोरडी होती किंवा वरचा काप उघडा राहिला. काडी हिरवीगार पण पानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लोंबली, तर पानं जास्त ठेवली गेली किंवा झाकण नव्हतं; ही काडी अजून वाचू शकते, पानं अर्धी करा आणि लगेच झाका. मातीच्या रेषेवरच काळं कडं पडून काडी तिथून वाकली असेल, तर वरचा थर सतत ओला राहत होता, म्हणजे थोडंथोडं पाणी रोज वरून शिंपडलं जात होतं.

एक प्रकार मात्र फसवा आहे. बूड काळं, पण कडक आणि कोरडं, कुजका वास नाही. हे पुष्कळदा मुळं फुटण्याची पावडर जास्त लागल्याने होतं. या पावडरीत बहुधा आयबीए हे संजीवक असतं. ते नेमक्या मात्रेत चांगलं काम करतं आणि जास्त झालं तर तोच भाग जाळतं. काडीचं बूड पावडरीत टेकवा, मग टिचकी मारून जास्तीची झाडून टाका, आणि मिश्रणात आधी पेन्सिलीने भोक पाडून त्यात काडी सोडा, म्हणजे पावडर घासून निघत नाही. अर्थात ओलाव्याचं बिघडलं असेल तर कोणतीही पावडर ते सावरत नाही.

कुंडीतलं पाणी निथळतं असं वाटतं, पण

आपल्या आज्या मोरीच्या कडेला गुलाबाची फांदी खोचत आणि ती जगे. तीच फांदी आपण कुंडीत लावतो, जपतो, आणि ती मरते. यामागे हातगुण नाही. जमिनीतल्या मातीला खाली आणखी माती असते, ती जास्तीचं पाणी ओढून घेते. कुंडीच्या तळाखाली हवा असते. तिथे पोचलेलं पाणी मातीच्या बारीक फटींत धरलं जातं आणि भोकं कितीही असली तरी तळाशी एक गच्च ओला थर अडकून राहतो.

भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, गळायचं थांबू द्या. मग तोच उभा करा: पुन्हा धार लागेल. उंची वाढली की जास्त पाणी निथळतं, आणि तरी खालची कड ओलीच राहते. कुंडीतही तेच. त्या ओल्या थराची जाडी मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ ट्रेमध्ये जवळपास सगळंच मिश्रण पाण्याने भरलेलं राहतं, आणि उंच ग्लासात वरचा बराच भाग मोकळा राहतो. तळाशी खडी घातल्याने फायदा होत नाही. ओला थर खडीच्या वर सरकतो आणि काडीच्या बुडाच्या आणखी जवळ येतो.

म्हणून छाटांसाठी उंच भांडं घ्या. पारदर्शक मोठा प्लास्टिक ग्लास उत्तम. तापलेल्या सुईने तळाला सहा-सात भोकं पाडा आणि तो ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात ठेवा, म्हणजे उजेडाने आत शेवाळ धरत नाही आणि मुळं आली का ते काडी न हलवता पाहता येतं. बाहेरच्या ग्लासात साठलेलं पाणी ओतून टाकायला विसरू नका. काडीचं टोक तळाला टेकू देऊ नका, खाली चार-पाच सेंटीमीटर मिश्रण राहू द्या.

मिश्रणात बागेतली माती नको, काळी माती तर नकोच. शेणखत, गांडूळखतही नको; मुळं नसलेल्या काडीला त्याचा उपयोग नाही, बुरशीला मात्र आहे. अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धी जाड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके दाणे), एवढं पुरतं. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटरपर्यंत फुगते, तेव्हा एका विटेत बऱ्याच काड्या होतात. ते दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, बांधकामाच्या दुकानात मिळते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिच्यातली दगडाची भुकटी सगळ्या फटी बुजवते. बादलीत घालून ढवळा, गढूळ पाणी ओता, आणि वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण भुकटीसकट वाळू वापरली तर ती नसलेली बरी. कोकणात भाताचं जळकं तूस मिळतं, तेही वाळूऐवजी छान चालतं.

भिजवलेलं मिश्रण मुठीत घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत, गोळा व्हावा आणि टिचकीने तो फुटावा. धार लागली तर कागदावर पसरून सावलीत ठेवा. गोळाच झाला नाही तर थोडं पाणी शिंपडून पुन्हा कालवा. काडी लावण्यापूर्वी ओल अशी ठरवून घेतली की पुढे पाण्याचं काम फारसं उरत नाही.

वरची हवा

एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असते, जुलैत २७ अंश आणि ८० टक्के. हिशेब केला तर एप्रिलच्या त्या दुपारी हवा पानातलं पाणी जुलैच्या सातपट जोराने ओढत असते. मृगाचा पाऊस पडला की फांद्या लावायच्या ही जुनी रीत याच कारणाने टिकली. उन्हाळ्यात झाकणाशिवाय पानाची काडी जगवणं जवळपास अशक्य आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तर झाकण असूनही मी लावा म्हणणार नाही.

झाकण म्हणजे काही मोठं नाही. कुंडीत दोन-तीन काटक्या रोवून वरून पारदर्शक पिशवी आणि खाली रबरबँड. किंवा पाण्याच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती काडीवर पालथी घाला. टोपण उघडलं की हवा जाते, लावलं की दमटपणा राहतो. यात बाटली मला जास्त आवडते, कारण पिशवी पानांना चिकटते आणि चिकटलेली जागा कुजते.

झाकलेली कुंडी थेट उन्हात ठेवू नका. सकाळचं कोवळं ऊनही नको. बंद प्लास्टिकमध्ये उष्णता अडकते आणि पानं आतल्या आत उकडून निघतात. भरपूर उजेड, पण ऊन नाही, अशी जागा हवी: उत्तरेची खिडकी, किंवा गॅलरीत मोठ्या कुंडीच्या आडोशाला. अगदी अंधारी जागाही चालत नाही, पानांना अन्न तयार करायला उजेड लागतोच.

पिशवीच्या आतल्या बाजूला पाहायची सवय लावा. सकाळी बारीक थेंबांचं धुकं आणि दुपारी त्यातलं बरंचसं विरलेलं, ही ठीक अवस्था. दिवसभर ओघळ वाहताहेत, पानांवरून पाणी ठिबकतंय, तर तासभर झाकण काढा. धुकं अजिबात येत नसेल तर कुठून तरी हवा निसटते आहे किंवा मिश्रण सुकलं आहे. ग्लास उचलून पाहा, वजनावरून कळतं. एरवीही दिवसातून एकदा दहा मिनिटं झाकण उघडा आणि गळालेलं पान दिसलं की लगेच उचला. पांढरी बुरशी बहुतेक वेळा अशा पडलेल्या पानावरूनच सुरू होते.

नीट झाकलेल्या ग्लासाला दहा-पंधरा दिवस पाणी लागत नाही, कधी त्याहूनही जास्त. हे कोणाला पटत नाही. हात शिवशिवतो, आणि झारी उचलली जाते. ग्लास हलका लागला तरच कडेकडेने थोडं पाणी सोडा.

स्प्रे बाटलीबद्दल वेगळं सांगायला हवं. दिवसातून पाच वेळा फवारतो, तरी पानं लोंबतात, असं पुष्कळ जण म्हणतात. उघड्या हवेत पानावरचा फवारा काही मिनिटांत उडून जातो आणि ओघळलेलं पाणी मिश्रणात जातं. दिवसअखेर पानं कोरडी आणि बूड चिंब. रोपवाटिकांमध्ये मिस्ट, म्हणजे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा असते, पण ती काही सेकंदांपुरती, आपोआप, थोड्याथोड्या वेळाने सुटते आणि खालचं माध्यम पाणी क्षणात सोडणारं असतं. घरी तिची नक्कल हाताने होत नाही. आणि प्रत्येक रोपवाटिकाही सतत पाणी मारत नाही: कोल्हापूर-सांगलीकडे एक डोळा पद्धतीने (प्रत्येकी एकच डोळा असलेले उसाचे तुकडे लावून) उसाची रोपं करतात तेव्हा कोकोपीट भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने घट्ट गुंडाळून काही दिवस तसेच ठेवतात. ओल आतच कोंडून ठेवायची, हीच युक्ती.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात प्रश्न उलटा होतो. हवा आधीच दमट असते, पिशवीची गरज थोडीच. धोका असतो तो थेट पावसाचा. सतत चार दिवस पाऊस लागला की उत्तम मिश्रणही चिंब राहतं. तिथे कुंडी पत्र्याखाली किंवा गॅलरीत आत ओढा. पुण्या-नाशकात जुलैतही पिशवी ठेवा, पण तोंड थोडं सैल.

काडी निवडताना

पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटीमीटर लांब, नुकतं फूल येऊन गेलेली फांदी घ्या. हिरवी लुसलुशीत शेंड्याची फांदी लवकर लोळते, फार जुनी लाकडी फांदी मुळं धरायला वेळ लावते. सकाळी लवकर कापा, तेव्हा फांदी पाण्याने भरलेली असते. कापल्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळा. मैत्रिणीकडून आणलेली काडी पर्समध्ये तीन तास सुकली असेल तर लावण्याआधीच तिचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, धारदार ब्लेडने घ्या. बोथट कात्रीने बूड चेचलं जातं आणि चेचलेला भाग हमखास कुजतो. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून; बाकी सगळी काढा. कळी असेल तर तीही. वरच्या कापावर मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब सोडला की टोकाकडून सुकणं थांबतं.

बटाट्यात काडी खोचून लावायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. बटाटा ओलावा देतो हे खरं, पण मातीत तो स्वतः कुजतो आणि त्याच्या मधोमध काडीचं जखमी बूड असतं. मध लावून किंवा हळदीत बुडवून मुळं फुटत नाहीत. तेवढा वेळ वाळू धुण्यात घालवा.

नुसत्या पाण्यात तुळस, पुदिना, मनी प्लांट आनंदाने मुळं धरतात, दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं की झालं. गुलाब आणि मोगरा पाण्यात बहुधा कुजतात.

मुळं आल्यावर

देशी गुलाब, जास्वंद आणि मोगऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, बोगनवेलीला त्याहून जास्त. मोठ्या फुलांचे संकरित गुलाब सगळं नीट करूनही दगा देतात. त्यांची रोपं डोळे भरूनच, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा बसवूनच करतात, त्यामुळे तिथे स्वतःला दोष देऊ नका. ग्लासाच्या भिंतीला पांढरी मुळं दिसली तरी घाई नको. त्या मुळांना फाटे फुटेपर्यंत थांबा. मग झाकण एकदम न काढता पहिले दोन-तीन दिवस तासभर, पुढे अर्धा दिवस, असं आठवडाभरात काढा. मध्येच पानं लोंबली तर एक पायरी मागे या. कुंडी बदलताना मुळांभोवतीचा गोळा मोडू नका, आणि खत पंधरा दिवसांनी, तेही थोडं.

पानं नसलेल्या लाकडी काड्यांना हे सगळे नियम लागू नाहीत. अंजीर, डाळिंब, द्राक्षाचा डॉगरिज खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात ती जात) यांच्या जून झालेल्या काड्या पानं काढून लावतात. पानंच नसल्याने पिशवीची गरज कमी, वरचं टोक मेणाने बंद करणं जास्त महत्त्वाचं. दोन-तृतीयांश काडी मिश्रणात जाऊ द्या आणि डोळे वर तोंड करून आहेत ना ते नीट पाहा, कारण पानं नसली की काडी उलटी लागायला वेळ लागत नाही.

चाफा आणि अडेनियमला तर पिशवी घालूच नका. कापलेल्या फांदीतून चीक वाहून थांबू द्या, मग ती सावलीत आठवडाभर नुसती पडू द्या, काप सुकून त्यावर कडक पापुद्रा धरला की जवळपास कोरड्या वाळूत लावा. या फांद्या स्वतःच्या गरात भरपूर पाणी साठवून असतात. पहिलं पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही वाटीभर, आणि पुढचं वाळू पूर्ण सुकल्यावरच.